मुंबई वाढते आहे, ती मुंबईबाहेर

लांबत गेलेली जनगणना अखेर मार्गाला लागली आहे. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन ठरला असून घरांची यादी करण्याचा पहिला टप्पा २०२६चा आहे. या गणनेबद्दल आजवर जी चर्चा झाली, ती बहुतांशी जातनिहाय नोंदीभोवती आणि तिच्या आधाराने होऊ शकणाऱ्या लोकसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेभोवती फिरली. ते स्वाभाविकच आहे. परंतु देशातील मोठ्या औद्योगिक शहरांच्या दृष्टीने या गणनेतील सर्वांत मोलाची माहिती वेगळीच असेल: माणसे नेमकी कुठे राहतात? मुंबईच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर २०११मध्येच बदललेले दिसले होते. त्यानंतर ते किती बदलले याचा अंदाज सगळ्यांना आहे, आकडा मात्र कुणाकडेच नाही.

२०११च्या गणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ बेटाची, लोकसंख्या ३० लाख ८५ हजार भरली. दहा वर्षांपूर्वी ती ३३ लाख ३८ हजार होती. घट साडेसात टक्क्यांची. मुंबई उपनगर जिल्हा याच काळात ८६ लाखांवरून साडेत्र्याण्णव लाखांवर गेला. पण ही वाढही सव्वाआठ टक्क्यांच्या आसपासची, म्हणजे राज्याच्या सरासरी वाढीच्या जेमतेम निम्मी. दोन्ही जिल्हे मिळून बृहन्मुंबई दहा वर्षांत चार टक्केही वाढली नाही. जन्म आणि मृत्यू यांच्यातील फरकानेच याहून अधिक भर पडायला हवी होती. याचा सरळ अर्थ असा, की या दशकात मुंबई महापालिकेच्या हद्दीत जितके लोक राहायला आले, त्याहून अधिक लोक ती सोडून गेले.

ते गेले कुठे, हे शेजारच्या रकान्यात दिसते. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर पोहोचली. वाढ ३६ टक्के. हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला आणि पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा काढावा लागला. मीरा-भाईंदर ५ लाख २० हजारांवरून ८ लाखांवर गेले. ठाणे शहर साडेबारा लाखांवरून साडेअठरा लाखांजवळ आले. नवी मुंबई ७ लाखांवरून ११ लाखांवर. वसई-विरारची महापालिकाच २००९मध्ये स्थापन झाली आणि दोन वर्षांत, पहिल्याच गणनेत, तिच्या हद्दीत सव्वाबारा लाख माणसे मोजली गेली.

थोडे मागे गेले तर हा प्रवाह किती जुना आहे ते कळते. १९५१मध्ये आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीतील दर शंभर माणसांपैकी सुमारे ७८ माणसे बेटावर राहत होती. २०११मध्ये हे प्रमाण २५वर आले. लोकसंख्येची घनताही उलटी झाली. ज्यांना आपण अजून सवयीने ‘उपनगर’ म्हणतो, तो वांद्र्यापासून दहिसरपर्यंतचा आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा भाग २०११मध्ये प्रति चौरस किलोमीटर माणसांच्या संख्येत बेटापेक्षा अधिक दाट होता. उपनगर हा शब्द तिथे केवळ जिल्ह्याच्या नावापुरता उरला आहे. खरी उपनगरे आता दहिसर आणि मुलुंडच्या जकात नाक्यांपलीकडे आहेत. नाके बंद झाले, जकात २०१७मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर गेली, पण ती रेषा अजून पुसलेली नाही.

बेट रिकामे का होऊ लागले, याचे पहिले उत्तर अर्थात गिरणगाव. १८५४मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली आणि पुढील शंभर वर्षे परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा परिसर कोकण, सातारा आणि कोल्हापूरच्या माणसांनी भरत गेला. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा गडी, खानावळीतले जेवण, गावाकडे मनिऑर्डर. आपल्या गोव्यातल्या माणसांची मुंबईही याहून फार निराळी नव्हती. धोबीतलाव आणि माझगावच्या कुडींमध्ये गावागावांचे खलाशी उतरत, गिरगावात हिंदू गोमंतकीयांचे बिऱ्हाड आणि संस्था होत्या. माणूस जिथे काम करतो तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहतो, हे त्या मुंबईचे गृहीतक होते. चाळ गलिच्छ असेल, कोंदट असेल, पण भोंगा झाल्यावर दहा मिनिटांत खात्यात पोहोचता येत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, ही घडी मोडली असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. गिरण्या त्याआधीच मोडकळीला येत होत्या. यंत्रे जुनी झाली होती, भिवंडीचे यंत्रमाग कमी खर्चात कापड विणत होते, आणि मुंबईतील कारखाने बाहेर न्यावेत हे सरकारचेही धोरण होते. १९६२मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ, तारापूर येथे वसाहती उभ्या केल्या, त्या यासाठीच. कामाने बेट सोडायला सुरुवात संपापूर्वीच केली होती. संपाने उरलेल्या माणसांना ढकलले.

त्यानंतर उरली ती जमीन. ५८ गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर, तीही बेटाच्या अगदी मध्यावर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ने या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये या नियमात बदल झाला. वाटे संपूर्ण जमिनीचे न करता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्याचे करायचे, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो अमान्य केला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६मध्ये तो ग्राह्य धरला. गिरणीच्या आवारात मोकळा तुकडा असतो तो किती? नियमपुस्तकातील एका शब्दाच्या अर्थाने लक्षावधी माणसांनी कुठे राहावे हे ठरवल्याचे असे उदाहरण दुसरे सापडणार नाही. आज त्या जागी काचेची कार्यालये, मॉल आणि चाळीस-पन्नास मजली मनोरे आहेत. तिथे रोजगार पुन्हा आला आहे, हे मान्य करायला हवे. फक्त त्या कार्यालयात सुरक्षारक्षक, लेखनिक वा कॉल सेंटरात काम करणारा मुलगा परळला राहू शकत नाही. तो नालासोपाऱ्याहून येतो.

दुसरे कारण कमी नाट्यमय आहे, म्हणून त्याची चर्चाही कमी होते. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने चाळींची भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला त्याने संरक्षण दिले, पण घरमालकाचा दुरुस्तीतला रस संपवला आणि भाड्याने देण्यासाठी नवीन घरे बांधणे तोट्याचे करून टाकले. पुढे भाडेकरूच्या हाती मालकी येईल अशा पुनर्विकासाच्या योजना आल्या आणि एक विचित्र हिशेब सुरू झाला. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत तीन भावांचे कुटुंब वाढलेले असते. पुनर्विकासात त्यांना एक सदनिका मिळते. एका सदनिकेत तीन संसार राहू शकत नाहीत. मनोऱ्याचा मासिक देखभाल खर्च चाळीच्या वर्षाच्या भाड्याहून अधिक असतो. बाजारात मात्र त्या सदनिकेची किंमत कोट्यवधींत असते. मग ती विकली जाते आणि तिघांची तीन घरे होतात. एक बदलापूरला, एक विरारला, एक दिव्याला. यात कुणी कुणाला हुसकावलेले नसते. कागदावर सर्वांचा फायदाच झालेला असतो.

‘मुंबईतून मराठी माणूस हद्दपार झाला’ या घोषणेकडे म्हणून थोडे सावधपणे पाहावे लागते. मराठी ही मातृभाषा नोंदवणाऱ्यांची बृहन्मुंबईतील संख्या २००१ ते २०११ या काळात सुमारे ४५ लाखांवरून ४४ लाखांवर आली, म्हणजे प्रत्यक्षात घटली. दुखणे खरे आहे. पण त्याचे कारण परप्रांतीयांच्या लोंढ्यात शोधणे हे राजकारणाला सोयीचे असले तरी हिशेबाला धरून नाही. उत्तरेतून येणारा कामगार परळचा मनोरा विकत घेत नाही. तोही दिवा, मुंब्रा, नालासोपारा येथेच, त्याच कमकुवत इमारतीत, मराठी कुटुंबाच्या शेजारी राहतो. ज्या जमिनीच्या भावाने एकाला बाहेर काढले, त्यानेच दुसऱ्याला आत येऊ दिलेले नाही. कोकणी माणूस कुठे सरकला हे पाहायचे तर रेल्वेचे वेळापत्रक पुरेसे बोलके आहे: सावंतवाडीला जाणारी पॅसेंजर दिव्याहून सुटते.

बाहेर गेलेल्यांना काय मिळाले? घर मिळाले, हे खरे. स्वतःच्या नावाचे, दोन खोल्यांचे, आत संडास असलेले. चाळीत सार्वजनिक नळावर पहाटे उभे राहिलेल्या पिढीला त्याचे मोल कळते, आणि नियोजनावर लिहिताना ते विसरणे हा शहरी लेखकांचा नेहमीचा उद्दामपणा असतो. पण त्या घराची उरलेली किंमत हप्त्याने चुकती करावी लागते. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर आहे. महासाथीपूर्वी मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दररोज सुमारे ७५ लाख प्रवासी ये-जा करत. रुळांवर, दारातून पडून वा खांबाला आपटून दरवर्षी मृत्युमुखी पडणाऱ्यांची संख्या वर्षानुवर्षे दोन हजारांच्या वर राहिली आहे. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यान दारात लटकणारे प्रवासी धावत्या गाडीतून पडले, काहींचा मृत्यू झाला, तेव्हा स्वयंचलित दारांची घोषणा झाली. दारे बंद केल्याने गर्दी कमी होत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

इमारतींचे तसेच. एप्रिल २०१३मध्ये मुंब्र्याजवळ बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. बारा वर्षांनी, ऑगस्ट २०२५मध्ये विरारला इमारतीचा भाग कोसळून १७ जण गेले. प्रत्येक वेळी बिल्डरला अटक होते, एखादा अधिकारी निलंबित होतो, सर्वेक्षणाचे आदेश निघतात. ग्रामपंचायतीच्या परवानगीने चार मजले चढवायचे, वस्ती झाली की नळ आणि वीज मागायची, मग महापालिका येणार म्हणून वाट पाहायची, ही पद्धत मात्र कायम आहे. शहर आधी येते, त्याचे प्रशासन दहा-पंधरा वर्षांनी.

आणि पाणी. मुंबई महापालिका रोज साडेतीनशे कोटी लिटरहून अधिक पाणी पुरवते. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा हे जलाशय ठाणे आणि पालघर जिल्ह्यांच्या डोंगराळ पट्ट्यात आहेत. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी जलवाहिन्यांनी शंभर किलोमीटर दक्षिणेला जाते, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. ठाणे महापालिकेला स्वतःचे धरण नाही. मुंबईतला मोठा माणूसवर्ग जलवाहिनी जिथून निघते त्या दिशेला सरकला, पण पाण्याचा हक्क मात्र जुन्याच पत्त्यावर नोंदलेला राहिला.

खरी गोम इथे आहे. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता, आपल्या संपूर्ण गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून अधिक. हा पैसा ज्या उलाढालीतून उभा राहतो, तिच्यात रोज सकाळी रेषा ओलांडून येणाऱ्या माणसाचे श्रम आहेत. संध्याकाळी तो परत जातो त्या गावची महापालिका कर्मचाऱ्यांच्या पगाराची जुळवाजुळव करत असते. त्याला मुंबईचा नगरसेवक निवडता येत नाही. मुंबईचे प्रभाग २२७ आहेत. त्यांची संख्या २३६ करण्याचा निर्णय २०२१मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी फिरवला गेला. त्या वादात सर्व पक्षांनी घसा कोरडा केला. पण मुंबईवर जगणारे आणि मुंबईला जगवणारे लाखो लोक कोणत्याच प्रभागात नाहीत, याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

महानगर प्रदेशात आज नऊ महापालिका आहेत. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि २०१६मध्ये झालेली पनवेल. या सर्वांचा एकत्र विचार करण्यासाठी १९७५मध्ये एमएमआरडीए स्थापन झाले. मेट्रो, उड्डाणपूल, अटल सेतू अशी मोठी बांधकामे ते करते. पण ते कोणाला उत्तरदायी आहे? राज्य सरकारला. घटनेच्या अनुच्छेद २४३ झेडईनुसार प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती असायला हवी आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांच्या लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडलेले असायला हवेत. अशी समिती कागदावर आहे. तिने एखादा प्रकल्प अडवला किंवा वळवला, अशी बातमी संपादकीय मेजावर आलेली आठवत नाही. यात कोणत्याही एका पक्षाचा दोष नाही. सत्तेत जो असेल त्याला मुंबईच्या जमिनीचे निर्णय मंत्रालयातच हवे असतात, आणि मुंबईबाहेरच्या आठ शहरांना एकत्र बोलता येऊ नये हेही सोयीचे असते.

या वाढीला थोपवण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला झाला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. केळीच्या बागा, विहिरी, पानमळे वाचावेत म्हणून बागायतदार आणि मच्छीमार रस्त्यावर उतरले. दिब्रिटो पुढे ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४मध्ये निवर्तले. पश्चिमेचा काही हिरवा भाग त्या लढ्यामुळे टिकला. रेल्वेच्या पूर्वेला ज्यांचे प्रतिनिधित्व करायला कोणी नव्हते, तिथे नालासोपारा झाले. प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोव्यात २००६-०७मध्ये जे आंदोलन झाले आणि सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला, त्याच्याशी हे साम्य वाचकांच्या सहज लक्षात येईल. फरक एवढाच, की वसईवर दाब घरांच्या गरजेचा होता. आपल्यावर तो हौसेचा आहे.

कारण मुंबईच्या जमिनीतून निर्माण झालेला पैसा फक्त विरारकडे वळत नाही. त्याचा वरचा थर मांद्रे, आसगाव, शिवोलीकडे येतो. २०११च्या गणनेत गोव्यातील दर पाच घरांमागे एकाहून अधिक घर रिकामे आढळले होते. मोपाचा विमानतळ आणि रुंद महामार्ग त्यानंतरचे आहेत. म्हणजे एकाच शहराच्या बाजारातून एका टोकाला एका घरात दोन कुटुंबे आणि दुसऱ्या टोकाला कुलूपबंद व्हिला अशी दोन्ही दृश्ये तयार होतात. घरयादीत रिकाम्या घरांची नोंद होते, त्यामुळे गोव्याच्या दृष्टीने हा पहिला टप्पा माणसांच्या मोजणीइतकाच महत्त्वाचा ठरावा.

मुंबईचे पुढचे वर्तुळ आखून झाले आहे. दक्षिणेला अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये खुला झाला, नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झाले, आणि पनवेल-उरणच्या जमिनी केव्हाच हातोहात गेल्या. उत्तरेला डहाणूजवळ वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले आहे. उपनगरी गाडी तर २०१३पासूनच डहाणूपर्यंत जाते. तिथे विरोध करणारे मच्छीमार आणि आदिवासी पाडे यांची आज जी संख्या आहे, तीच १ मार्च २०२७ला मोजली जाईल. त्या आकड्यावर ज्या शाळा, दवाखाने आणि पाणीयोजना ठरतील, त्या पूर्ण होईपर्यंत तिथे कोण आणि किती राहत असतील, हे नालासोपाऱ्याच्या अनुभवावरून ताडता येते.

दरम्यान, गिरणी कामगार अजून घराच्या प्रतीक्षेत आहेत. दीड लाखाहून अधिक जणांनी वा त्यांच्या वारसांनी अर्ज केले, घर मिळाले ते त्यातील थोड्यांनाच. २०२४मध्ये शासनाने उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी येथील घरांचा पर्याय पुढे केला. ही गावे बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर, परळपासून सत्तर किलोमीटरहून अधिक दूर आहेत. ९ जुलै २०२५ रोजी कामगार आझाद मैदानावर जमले होते ते एवढेच सांगायला, की घर मुंबईत द्या. त्यांतील बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे, आणि त्या दिवशी मैदानावर यायला त्यांच्यापैकी अनेकांना लोकलच पकडावी लागली असणार.